थांबायचं कुठे

पेट स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की आमच्यासारखी माणसं वरचा मजकूर वाचत नाहीत. पान उलटून थेट शेवटाला जातात. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर; त्याच्या उपचारांच्या मध्यावर काढलेला स्कॅन असेल तर तिथे एक आकडा असतो, एक ते पाचपैकी. त्याला दोव्हिल स्कोअर म्हणतात. दोव्हिल हे फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचं गाव. 2009 साली तिथे देशोदेशीचे लिम्फोमाचे आणि न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर जमले आणि केमो चालू असताना काढलेला स्कॅन सगळ्यांनी एकाच रीतीने वाचावा म्हणून ही मोजणी ठरली.

रीत अशी आहे. या स्कॅनच्या चित्रात आजाराची जागा चमकते. आजाराच्या जागी काहीच चमकत नसेल तर एक. चमक असेल, पण छातीच्या मध्यभागी मोठ्या रक्तवाहिन्यांत जेवढी दिसते तेवढीच किंवा तिच्याहून कमी, तर दोन. तिच्याहून जास्त पण यकृताच्या चमकेपुढे न जाणारी, तर तीन. यकृतापेक्षा जास्त असेल तर चार. खूपच जास्त असेल किंवा आजार नव्या जागी उगवलेला दिसला तर पाच. म्हणजे मोजपट्टी बाहेरून आणलेली नाही, ज्याचं शरीर त्याच्याच रक्ताशी आणि यकृताशी तुलना. मशीन कुठलंही असो, माणूस जाड असो की बारीक, हिशेब त्याच्या त्याच्यापुरता जुळतो. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं.

गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या मुलीच्या रिपोर्टवर दोन हा आकडा आला. चोवीस वर्षांची मुलगी, पुण्यात नोकरी करते, मला मावशी म्हणते. मानेत आणि छातीत गाठी, पोटात काही नाही, ताप नाही, रात्रीचा घाम नाही, वजन घटलेलं नाही. हॉजकिन लिम्फोमा, स्टेज दोन ए. तिच्या आईने मला फोन केला तो मी याच वाटेने गेलेली आहे म्हणून. 1991 साली, बावीस वर्षांची असताना, मलाही हाच आजार झाला होता. जागाही त्याच, मान आणि छाती.

माझे उपचार मुंबईत झाले. एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोच्या सहा सायकली आणि त्यानंतर शेक. रेडिएशनला तेव्हा आमच्याकडे सगळे शेकच म्हणत, वॉर्डातले काही जण ‘लाइट घ्यायला जातो’ म्हणत. मान, दोन्ही काखा आणि छातीचा मधला भाग असा सगळा पट्टा त्यात यायचा. त्या शेकाने आणि त्या औषधांनी मला पुढचं आयुष्य मिळालं आहे. माझं लग्न झालं, मुलगा झाला, तो आता कमावता आहे. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, कारण मानेवरच्या शेकाने ती ग्रंथी कायमची मंदावली. दर वर्षी मॅमोग्राफी असते, अधूनमधून इको असतो, आणि हृदयाच्या एका झडपेवर डॉक्टरांची नजर आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. 1991 साली माझ्या डॉक्टरांसमोर जे ज्ञान होतं, त्यात त्यांनी उत्तम तेच केलं.

पण एक गोष्ट त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि सगळा फरक तिथेच आहे. केमो संपल्यावर सीटी स्कॅनमध्ये माझ्या छातीत एक गाठ उरलेली दिसत होती, आधीपेक्षा बरीच लहान. हॉजकिनमध्ये असं बरेचदा होतं. या आजाराच्या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी, ज्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, त्या शेकड्याला जेमतेम एक असतात. बाकी सगळा गोतावळा सूज आणणाऱ्या साध्या पेशींचा आणि तंतूंचा. पेशी मेल्या तरी तंतू जागच्या जागी राहतात. सीटी फक्त आकार दाखवतो. राखेखाली निखारा आहे की नुसती राख, हे त्याला सांगता येत नाही. मग डॉक्टर काय करणार? निखारा आहे असं धरून चालणार, आणि सगळ्यांना सगळं देणार. ज्याला गरज आहे त्यालाही आणि ज्याला नाही त्यालाही.

पेट स्कॅन याच ठिकाणी कामाला येतो, कारण तो आकार बघत नाही, भूक बघतो. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात हे ऑटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं होतं. एफडीजी नावाच्या औषधात ग्लुकोजच्या रेणूत थोडा बदल करून त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिली प्रक्रिया करते, पण पुढची तिला जमत नाही. रेणू आतच अडकतो आणि तिथून खूण देत राहतो. या फ्लोरिनचं अर्धआयुष्य 110 मिनिटांचं, म्हणून तो साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनवायचा आणि त्याच दिवशी वापरायचा. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं ते 2002 साली. मी परळच्याच रस्त्यांवरून फाइल छातीशी धरून हिंडत होते, तेव्हा त्याला अकरा वर्षं अवकाश होता.

मुलीच्या दोन्ही स्कॅनना मी सोबत होते. रात्रीपासून उपाशी, सकाळी बोटातून साखर तपासतात, मग हाताच्या शिरेत सुई. औषध दिल्यावर तासभर एका छोट्या खोलीत एकटं बसायचं. फोन नाही, गप्पा नाहीत, चघळणं नाही, कारण जो स्नायू काम करेल तो साखर ओढेल आणि चित्रात उजळेल. थंडीसुद्धा वाजू द्यायची नसते. तरुण माणसाच्या मानेत आणि खांद्यांपाशी तपकिरी चरबी असते, ती थंडीत ऊब निर्माण करायला साखर जाळते आणि नेमकी मानेतल्या गाठीसारखी दिसू शकते. म्हणून नर्सने तिला जाड ब्लँकेट दिलं. मी बाहेर बसले. त्या तासभरात आपल्या लेकराशी बोलायचं नाही हे तिच्या आईला सगळ्यात जड गेलं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. साखर ओढणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. टीबीची गाठही पेट स्कॅनमध्ये लखलखते. आपल्याकडे मानेत गाठ आली की पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण इथे बहुतेकदा तो टीबीच असतो. गंडमाळा आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होती. मला स्वतःला सुरुवातीचे काही महिने टीबीची औषधं दिली होती. म्हणून स्कॅन कितीही स्पष्ट असला तरी त्याच्या आधी गाठ काढून, अख्खी गाठ, नुसत्या सुईने ओढलेला थेंब नव्हे, पॅथॉलॉजिस्टकडे जायला हवी. आणि उपचारांच्या मध्यावर एखादी जागा अनपेक्षितपणे चमकली तर आजार वाढला असं म्हणून औषध बदलण्याआधी तिथला तुकडाही तपासायला हवा. मुलीच्या डॉक्टरबाई या बाबतीत पक्क्या होत्या. ‘चित्र मला कुठे बघायचं ते सांगतं, काय आहे ते मायक्रोस्कोप सांगतो,’ असं त्या म्हणाल्या आणि मला एकदम हायसं वाटलं.

केमोची औषधं मात्र माझ्या वेळचीच. मिलानच्या जान्नी बोनाडोना यांनी 1970च्या दशकात बसवलेली ही चौकडी अजून टिकून आहे. लाल औषध तेच, प्रकाश लागू नये म्हणून झाकून आणलेली डकारबाझीनची बाटली तीच, ती शिरेत जाताना होणारी जळजळही तीच. चौकडीतलं व्हिनब्लास्टीन सदाफुलीपासून काढतात. 1950च्या दशकात कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या झाडाचा मधुमेहावर उपयोग होतो का ते तपासत होते. साखर उतरली नाही, प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि त्यातून हे औषध हाती लागलं. मुलीच्या आईच्या दारात सदाफुली आहे. तिला मी हे सांगितल्यापासून ती देवपूजेला त्या झाडाची फुलं तोडत नाही.

दोन सायकली झाल्या, स्कॅन झाला, दोन आकडा आला. आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टरबाईंनी मात्र आम्हाला बसवून घेतलं आणि सांगितलं की खरा निर्णय आता घ्यायचा आहे. एक वाट अशी की ठरलेली केमो पुरी करून गाठींच्या जागी शेक द्यायचा. दुसरी वाट अशी की आणखी दोन सायकली, एकूण चार, आणि थांबायचं. शेक नाही.

मैत्रीण लगेच म्हणाली, ‘जे काही द्यायचं ते आत्ताच देऊन टाका डॉक्टर, मागे काही ठेवू नका.’

माझी आई 1991 साली हेच, याच शब्दांत म्हणाली होती. आईचं मन याहून वेगळं बोलूच शकत नाही. फरक इतकाच की त्या वेळी माझ्या आईला उत्तर द्यायला कुणाकडे काही नव्हतं, आणि आता होतं.

ते उत्तर मुख्यतः ब्रिटनमधून आलं. मँचेस्टरचे जॉन रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 ते 2010 या काळात ‘रॅपिड’ नावाची चाचणी घेतली. सुरुवातीच्या स्टेजचे 602 रुग्ण, सगळ्यांना एबीव्हीडीच्या तीन सायकली आणि मग पेट स्कॅन. सगळे स्कॅन लंडनमध्ये एकाच ठिकाणी वाचले गेले. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा स्कॅन स्वच्छ आला, म्हणजे एक किंवा दोन. त्यांतल्या 420 जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. 209 जणांना शेक, 211 जणांना काहीच नाही, नुसती देखरेख. तीन वर्षांनी शेक घेतलेल्या गटात 94.6 टक्के रुग्ण आजार न उलटता सुखरूप होते. शेक न घेतलेल्यांत 90.8 टक्के.

हा फरक मी बरेच दिवस मनात घोळवला. शंभरामागे चारेक माणसं. म्हणजे स्वच्छ स्कॅन हा पूर्ण सत्य नाही. काही मिलिमीटरांच्या खाली या कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि तिथे कुणाकुणाच्या शरीरात काही उरलेलं असतं, ते शेकाने जातं. संशोधकांनी आधीच ठरवलं होतं की सात टक्क्यांपर्यंत नुकसान झालं तर शेक वगळणं चालेल. प्रत्यक्ष फरक त्याहून कमी निघाला, पण अनिश्चितता धरली तर तो 8.8 पर्यंत जाऊ शकत होता. म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की शेक वगळणं तितकंच चांगलं आहे हे सिद्ध झालेलं नाही. त्याच वेळी दुसरा आकडाही मांडला. तीन वर्षांनी जिवंत असलेले रुग्ण शेकाच्या गटात 97.1 टक्के, बिनशेकाच्या गटात 99 टक्के. ज्यांचा आजार उलटला त्यांना पुढच्या उपचारांनी पुन्हा सावरता येत होतं.

जर्मनीतल्या एचडी 16 चाचणीने शेकाच्या बाजूने जास्त जोरात कौल दिला. तिथे दोनच सायकली होत्या आणि पाच वर्षांनी आजार न उलटलेले शेकाच्या गटात 93.4 टक्के तर बिनशेकाच्या गटात 86.1 टक्के असा फरक पडला. त्याच संशोधकांच्या एचडी 17 मध्ये, थोडी जास्त जोखीम असलेल्या रुग्णांना आधी तगडी केमो दिली होती, तिथे शेक वगळूनही जवळजवळ काही बिघडलं नाही. अमेरिकेतल्या एका लहान अभ्यासात मुलीसारखंच केलं होतं, दोन सायकलींनी स्कॅन, तो स्वच्छ तर चार सायकलींवर विराम. तिथे तीन वर्षांनी सुमारे 91 टक्के लोक आजारमुक्त होते. स्कॅन काय बघतो हे सगळीकडे तेच, पण त्याच्यावर किती भार टाकायचा याचं उत्तर आधी किती औषध दिलं त्यावर बदलतं. आणि तीन हा आकडा तर प्रत्येक चाचणीने आपापल्या परीने मोजला. ‘रॅपिड’ने त्याला अस्वच्छ धरलं. पुढच्या स्टेजच्या रुग्णांवरच्या ‘राथल’ चाचणीने त्यालाच स्वच्छ मानलं. मुलीचा आकडा तीन आला असता तर आमची ती दुपार कितीतरी लांबली असती.

‘रॅपिड’चा निबंध 2015च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच जर्नलमध्ये, नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1965 ते 2000 या काळात हॉजकिनमधून बरे झालेल्या 3,905 लोकांचा त्यांनी दशकानुदशकं माग काढला होता. या लोकांना दुसरा कुठलातरी कॅन्सर होण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या 4.6 पट निघालं. चाळीस वर्षांत जवळपास निम्म्यांना. 1989 नंतर उपचार घेतलेल्यांतही घन गाठींच्या कॅन्सरचा धोका कमी झालेला दिसला नाही. मी त्याच काळातली. तरुणपणी छातीवर शेक घेतलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरची भीती दहा-पंधरा वर्षांनी डोकं वर काढते आणि मग खूप काळ जात नाही. हृदयाचंही तसंच.

हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला जे समजलं ते त्या दिवशी मी मैत्रिणीला सांगितलं. आजार उलटतो तो बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून चाचणीच्या तक्त्यात तो दिसतो. शेकाची किंमत वीस-तीस वर्षांनी वसूल होते, तोपर्यंत तक्ता संपलेला असतो. 94.6 आणि 90.8 यांच्या शेजारी जो रकाना छापलेला नाही, त्या रकान्यातली बाई मी आहे. तुझी लेक चोवीसची आहे, तिला पन्नासची व्हायचं आहे, हा हिशेब तिथपर्यंत करायला हवा.

माझी बाजू एकतर्फी होऊ नये याचीही मी काळजी घेतली. आजचा शेक माझ्यासारखा राहिलेला नाही. शेकाचा डोस ग्रे या एककात मोजतात. तेव्हा मला जवळपास 40 ग्रे मिळाले होते, आता सुरुवातीच्या सौम्य आजारात 20 ग्रे पुरतात. अख्खा पट्टा न घेता फक्त गाठी होत्या तेवढीच जागा घेतात, श्वास रोखून हृदय बाजूला सारतात. साठीच्या पुरुषाला, किंवा आजार फक्त मानेच्या वरच्या भागात असलेल्याला, मी स्वतःच म्हणेन की शेक घेऊन मोकळा हो. दुसरीकडे, आजार उलटला तर ‘सावरता येतं’ हे शब्द म्हणायला सोपे आहेत. त्यात पुन्हा जबर केमो असते, स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण असतं, महागडी नवी औषधं असतात, आणि वर्षभराचं आयुष्य पणाला लागतं. चार टक्क्यांतलं माणूस आपलं असलं तर ते चार टक्के नसतात.

मुलगी तोवर काही बोलली नव्हती. मग तिने डॉक्टरबाईंना विचारलं, ‘शेकाच्या जागेत छातीचा किती भाग येईल?’ त्यांनी स्कॅनवर बोट फिरवून दाखवलं. गाठी छातीत खालपर्यंत होत्या, स्तनाचा आणि हृदयाचा काही भाग टाळता येणार नव्हता. ती म्हणाली, ‘मग मी थांबते. उलटला तर लढू. आई, तुला हे चालेल असं म्हण.’ मैत्रिणीने मान हलवली, पण चालेल असं म्हणाली नाही. निर्णय मुलीचाच होता आणि तो तसाच असायला हवा होता.

स्कॅनचा उपयोग फक्त कमी करण्यासाठी नाही, हेही मला तिथल्याच डे-केअरमध्ये दिसलं. शेजारच्या खुर्चीवरच्या एका मुलाचा मधला स्कॅन चार आला होता. युरोपातल्या एच 10 चाचणीत अशा 361 रुग्णांपैकी काहींना एबीव्हीडीच चालू ठेवली आणि काहींना बीकॉप नावाची जास्त तीव्र केमो दिली. पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेले पहिल्या गटात 77.4 टक्के, दुसऱ्यात 90.6 टक्के. त्या मुलालाही औषध बदलून दिलं. त्याआधी त्याचं वीर्य साठवून ठेवलं, कारण ही केमो अपत्य होण्याची शक्यता हिरावू शकते. 1991 साली त्याची गाठ लहान झालेली बघून सगळ्यांनी समाधान मानलं असतं, आणि माझी गाठ उरलेली बघून काळजी केली होती. दोन्ही वेळा चित्र खोटं बोललं नसतं, अपुरं बोललं असतं.

एवढं सगळं एका स्कॅनवर टेकलेलं असताना तो सगळ्यांच्या हाताशी नाही, याचा मला राग येतो. पेट स्कॅनसाठी माणसं गावाकडून रात्रभर एसटीने प्रवास करून येतात, उपाशीपोटी नंबर लावतात, आणि मशीन बंद आहे म्हणून परतही जातात. ज्याला मधला स्कॅन परवडत नाही त्याच्यावर आजही 1991च्याच रीतीने, अंदाजाने आणि भरपूर, उपचार होतात. कमी उपचार हा आज जास्त सोयी असलेल्यांनाच मिळतो.

मुलीच्या चार सायकली पुऱ्या झाल्या आहेत. केस परत येताहेत, ती ऑफिसला जाते. माझ्या सहा सायकलींत ॲड्रियामायसिन, म्हणजे ते लाल औषध, शरीराच्या दर चौरस मीटरमागे 300 मिलिग्रॅम झालं होतं, तिचं 200वर थांबलं. हे मला कळलं कारण मी तिच्या डॉक्टरबाईंकडून एक पान मागून घेतलं. कुठलं औषध एकूण किती गेलं, शेक दिला की नाही, तो कुठे आणि किती. वीस वर्षांनी ती कुठल्या गावात, कुठल्या हृदयरोगतज्ज्ञासमोर बसली असेल कोण जाणे. तेव्हा हे पान लागेल. माझ्याकडे ते नव्हतं, जुनी फाइल शोधायला खूप खटपट करावी लागली. बरं झालेल्या प्रत्येकाने डिस्चार्जच्या दिवशी हे पान मागावं, मागितल्याशिवाय ते बहुधा मिळत नाही.

मैत्रिणीला आता दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन हवा आहे. डॉक्टरबाईंनी नाही म्हणून सांगितलं. बरं वाटत असताना नेमाने काढलेल्या स्कॅनमध्ये एखादी सर्दीची गाठ, तरुण वयात केमोनंतर पुन्हा फुगणारी थायमस ग्रंथी, असलं काहीबाही चमकतं आणि विनाकारण बायोप्सी होतात, शिवाय किरण जातात ते वेगळेच. तपासायला यायचं, मान-काखा चाचपायच्या, रक्त बघायचं. नवी गाठ, ताप, घाम, वजन उतरणं यांतलं काही झालं तरच पुढचा स्कॅन. मैत्रिणीला हे अजून पटलेलं नाही. परवा ती मला विचारत होती, दुसऱ्या डॉक्टरांकडून लिहून घेता येईल का. येत्या रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे, मुलगीही घरी असेल, आणि आम्ही दोघी मिळून तिला नको म्हणणार आहोत.